भाग दुसरा शनिवारी

सरांबद्दल चार शब्द बरे लिही, असं मला बऱ्याच जणांनी सांगून पाहिलं. म्हातारा माणूस, आयुष्यभर कामगारांच्या बाजूनं लिहिलं, वगैरे. लिहिलं ना. कोण नाही म्हणतंय? इतकं लिहिलं की एखादी कामगार बाई ते वाचायला बसली तर तिची नोकरी जाईल. आणि एक बसली. आणि तिची गेली.

शेवट असा पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकलाय, तो मुद्दाम. मी पत्रकं लिहिते. बोम्मसंद्र्याला कारखान्याच्या गेटवर शिफ्ट सुटताना जो कागद हातात पडतो तो चालता चालता वाचला जातो, एका हातात डबा, नजर बसवर. सांगायचं ते पहिल्या ओळीत नसेल तर त्या कागदात संध्याकाळी शेंगदाणे बांधले जातात. युनियनमध्ये आल्या आल्या मला हे शिकवलं. सरांना कोणी शिकवलं नाही. शिकवणार कोण? सगळे त्यांचेच विद्यार्थी.

आधी माझ्या वडिलांचं सांगते, कारण सर आमच्या घरात माझ्याआधी वडिलांकडून आले. आमचं घर के. आर. पुरमला, आजोबांच्याही आधीपासून. वडिलांचं स्टेशनजवळ भांड्यांचं दुकान. गिऱ्हाइकाशी कन्नड, घरी मराठी, आणि भांडताना दोन्हीची खिचडी. ‘स्वल्प थांब गं’ हे आमच्याकडे शुद्ध मराठीत मोडतं. वडिलांना व्यसन एकच: पातळ, पिवळ्या पडलेल्या रहस्यकथा, गल्ल्याखाली ठेवलेल्या. त्यांतला गुप्तहेर म्हणजे एक निवृत्त विमा निरीक्षक. हा खून झालेल्या घरात शिरला की पहिल्यांदा चहा मागतो, मग सगळ्या घराला दिवाणखान्यात बसवतो, आणि शेवटच्या पानावर एकाकडे बोट दाखवतो. वडिलांचा ह्या विमावाल्यावर इतका भरवसा की दुकानातली पितळी कढई गेली तेव्हा त्यांनी चौकीवर जायच्या ऐवजी आईला चहा टाकायला लावून आम्हा सगळ्यांना ओळीनं बसवलं होतं. कढई सापडली नाही. आत्या मात्र रुसली ती कायमची.

पुढं मी युनियनच्या कामाला लागले, तेव्हा आमच्या समितीच्या अध्यक्षांनी माझ्या पुढ्यात तीन जाड इंग्रजी पुस्तकं आपटली. अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणतात. ‘‘हे वाच. मजुरीचं अर्थशास्त्र. देशात ह्यांच्याइतकं कोणी समजून घेतलेलं नाही.’’ आणि मग आवाज खाली आणून, कौतुकानं, ‘‘हेच डिटेक्टिव्ह कादंबऱ्या पण लिहितात, ठाऊक आहे? टोपणनावानं. मराठीत.’’

म्हणजे वडिलांचा विमावाला ह्यांचाच. मी दोन्ही वाचलं. अण्णांनी जाडं वाचलं होतं, वडिलांनी पातळं. दोन्ही एकत्र वाचणारी मी एकटीच असेन, म्हणून मला जे दिसलं ते ह्या दोघांना दिसलं नाही. जाड पुस्तकांत गुन्हेगारच नाही. कामगाराचा खिसा कापला जातो, पण कापणारा कोणी नसतो. असतात ते कल, प्रवाह, घटक, आणि एक भलं मोठं कोष्टक. पातळ पुस्तकांत नेमकं उलटं. तिथं गुन्हेगार एकच. पुतण्या नाहीतर डॉक्टर. त्याला बेड्या पडल्या की बाकीचं श्रीमंत घर हुश्श करतं, आचारी कांदेपोहे आणतो, इस्टेट होती तिथंच राहते. आयुष्याची पन्नासेक वर्षं माणूस दिवसा म्हणत राहिला की दोष कोणाचाच नाही, आणि संध्याकाळी म्हणत राहिला की दोष पुतण्याचा. मालक दोन्हीकडून सुटला.

हे मी अण्णांना बोलून दाखवलं. ‘‘फार शहाणी झालीस,’’ म्हणाले.

सरांकडे जायचा योग नंतर वारंवार आला. मल्लेश्वरमला एका गल्लीत जुनं बैठं घर, पुढं व्हरांडा, पारिजातक. सर ऐंशीच्या पुढचे, पण ताठ. कधीकाळी पुण्याहून इथल्या संस्थेत शिकवायला आले आणि राहिले. कन्नड त्यांना भाजीपुरती येते. रविवारी आयटीतली पुण्या-मुंबईची पोरं यायची, सरांच्या पायाशी बसून फिल्टर कॉफी प्यायची आणि म्हणायची, ‘‘सर, तुम्ही आज किती रिलेव्हंट आहात!’’ मग फोटो. एकदा त्यांच्यातल्या एकाला मी विचारलं, तुझ्या ऑफिसात युनियन आहे का? तो हसला, जणू मी विचारलं होतं की तुझ्या ऑफिसात हत्ती आहे का. सरही हसले. ते मी विसरलेले नाही.

आता मूळ गोष्ट.

बोम्मसंद्र्याला औषधांच्या बाटल्यांची झाकणं बनवणारा एक कारखाना आहे. तिथल्या पॅकिंगमध्ये बऱ्याच मुली बिदर-उदगीरकडच्या, घरी मराठी बोलणाऱ्या, कंपनीच्या हॉस्टेलात राहणाऱ्या. त्यांची थोरली म्हणजे अक्का. इथं थोरल्या बाईला सगळेच अक्का म्हणतात, पण हिला सुपरवायझरसुद्धा अक्काच म्हणायचे. उदगीरकडून आलेली, नवरा नाही, गावी आईजवळ मुलगी शिकतेय. पर्मनंट. ह्या एका शब्दावर तिचं सगळं उभं होतं. मुलीला ती फोनवर सांगायची, ‘‘मी पर्मनंट हाय, तू घाबरू नको, शीक.’’

एका सोमवारी सकाळी पॅकिंगचं दार उघडलं तर पिशव्या सील करायचं मोठं मशीन जागेवर नाही. आम्हाला दुपारपर्यंत कळलं की मालकानं ते रविवारी मागच्या नव्या शेडमध्ये हलवलंय. शेडवर नव्या कंपनीची पाटी लागणार, कंपनी त्याच्याच मेव्हण्याच्या नावानं. डाव जुनाच: पर्मनंट बायांकडून राजीनामे घ्यायचे, तिकडं कंत्राटावर घेतो म्हणायचं, जुनी सगळी नोकरी पुसून टाकायची. ह्याला उत्तर तीन शब्दांचं. सही करू नका. ते तीन शब्द कन्नड, हिंदी, मराठीत छापून गेटवर वाटले की अर्धी लढाई झाली. कन्नड आणि हिंदी पत्रक संध्याकाळी तयार झालं. मराठी मी लिहायला घेतलं.

अण्णा म्हणाले, ‘‘मराठी सर लिहितील.’’

‘‘कशाला?’’

‘‘अगं, स्वतःहून म्हणालेत. ह्या मुलींसाठी काहीतरी सोप्या भाषेत लिहायचंय म्हणतात. केवढी गोष्ट आहे!’’

केवढी गोष्ट ती मला दुसऱ्या दिवशी अण्णांबरोबर मल्लेश्वरमला गेले तेव्हा कळली. सरांनी कागद हातात दिला. वर मथळा: ‘पॅकिंग कोणी पळवलं?’ खाली: ‘सोमवारची सकाळ. दार उघडलं, आणि मशीन तिथं नव्हतं. कुलूप शाबूत होतं. भिंतीला भोक नव्हतं. आणि किल्ली? किल्ली फक्त एका माणसाच्या खिशात असायची...’ असं दोन्ही बाजू भरून. तो माणूस म्हणजे मेस्त्री. मेस्त्री म्हणजे कंत्राटदाराचा हजेरी घेणारा गडी, कोलारकडचा, तोंडाचा फाटका, मुलींवर खेकसणारा, पण स्वतः मुलींपेक्षा कच्च्या नोकरीतला. पत्रकभर तो मिशीला पीळ देत, किल्ल्या वाजवत, इकडं तिकडं बघत फिरत होता. शेवटी कंसात: ‘भाग दुसरा शनिवारी.’

मी कागद उलटसुलट केला. ‘‘सर, ‘सही करू नका’ कुठाय?’’

‘‘येणार. दुसऱ्या भागात, शेवटून दुसरा परिच्छेद.’’

‘‘ते पहिल्या ओळीत पाहिजे.’’

‘‘पहिल्या ओळीत उत्तर दिलं तर वाचेल कोण, पोरी?’’

‘‘वाचायची गरजच नाही. सही नाही केली की झालं.’’

ते अण्णांकडे बघून हसले. ‘‘ही ह्यांची पिढी. वाचकावर विश्वासच नाही.’’

‘‘आणि मेस्त्रीचं काय? मशीन मालकानं नेलंय. तुम्हाला मीच सांगितलं.’’

‘‘अर्थात मालकानं नेलंय. म्हणून तर संशय दुसरीकडे. पहिला संशय नेहमी चुकीच्या माणसावर गेला पाहिजे. वाचक एकदा फसला ना, की मग खरं उत्तर त्याच्या मनातून जन्मात पुसलं जात नाही. तंत्र आहे ते. पन्नास वर्षांचं.’’

‘‘सर, तिथं वाचक नाहीत. तिथं गेट आहे.’’

‘‘भाग दुसरा आत्ता द्या, दोन्ही एकदम छापू,’’ अण्णा मध्येच म्हणाले, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. सरांनी मान हलवली. दुसरा भाग अजून मनात घोळतोय, घाईनं बिघडेल. आणि वाचक चार दिवस भुकेला राहिलेला बरा. अण्णांनी माझा दंड धरून मला व्हरांड्यात आणलं. ‘‘कॉम्रेड, स्वल्प ॲडजस्ट करा. एवढ्या मोठ्या माणसानं लिहून दिलं हेच खूप आहे.’’

समितीत मतदान झालं. माझ्या बाजूनं मी. शिस्त म्हणजे शिस्त. बुधवारी सकाळी ते गेटवर वाटलं गेलं; पॅकिंगच्या मुलींच्या हातात फक्त हे मराठी.

आणि खरं सांगायचं तर एकही प्रत रस्त्यावर पडली नाही. माझी पत्रकं चिखलात सापडतात. हे पत्रक मुलींनी घडी घालून ब्लाउजात खोचलं. संध्याकाळी मी हॉस्टेलात गेले, तर अक्का दारातल्या पायरीवर बसून मोठ्यानं वाचत होती, आणि सगळ्या तिच्याभोवती, कोणी वेणी घालतेय, कोणी तांदूळ निवडतेय. अक्का वाचायची छान. मेस्त्रीचा आवाज काढायची.

‘‘आणि किल्ली?’’ अक्कानं डोळे मोठे केले. ‘‘किल्ली फक्त एका माणसाच्या खिशात...’’

‘‘मेस्त्रीच! मी म्हणलं न्हवतं का?’’

‘‘त्याचं थोबाडच तसं हाय.’’

‘‘वाच की अक्का फुडं.’’

‘‘फुडं शनिवारी हाय.’’

‘‘अगं माय!’’ एकजात सगळ्या ओरडल्या.

मी म्हटलं, ‘‘ऐका. मेस्त्रीनं काही केलेलं नाही. मशीन माल...’’

‘‘ए, गप गं!’’ तीन जणींनी कानावर हात ठेवले. ‘‘सांगू नको! सगळी मजा जाती.’’

‘‘मजा नाही ही. कसलाही कागद पुढं आला तर सही...’’

‘‘बरं बरं. आदी शनिवार तर येऊ दे.’’

असं आहे साहित्याचं. मी तीन वर्षं ह्या मुलींच्या हॉस्टेलात जातेय, पाण्याच्या टाकीसाठी मी मॅनेजरच्या केबिनबाहेर बसलेय, आणि ज्या माणसानं पॅकिंग सेक्शन जन्मात पाहिलेला नाही त्याच्या एका मिशीपुढं माझं बोलणं ऐकायला कोणाला सवड नव्हती.

गुरुवारी सकाळी मेस्त्री हजेरी घ्यायला आला, तेव्हा एकीनंही ‘हजर’ म्हटलं नाही. मग कोणीतरी मागून ओरडलं, ‘किल्ली दाखव!’ मग सगळ्याच. मग एकीनं त्याच्या डोक्यावर झाकणांची अख्खी पिशवी ओतली. तो कन्नडमध्ये एवढंच विचारत राहिला, मी काय केलं, मी काय केलं. पांढरी झाकणं त्याच्या शर्टात शिरली होती. दुपारी त्याला कंत्राटदारानं काढून टाकलं. त्याच्यासाठी कोणी पत्रक काढलं नाही. आम्हीही नाही.

आणि जेवणाच्या सुट्टीनंतर एचआरच्या बाईंनी मुलींना आत बोलावलं. टेबलावर आमचं पत्रक. मेस्त्रीला काढल्याचं त्यांनीच सांगितलं, गोड आवाजात, हिंदीत. तुमच्या युनियननंच लिहिलंय ना, की हा माणूस चोर आहे? बघा, आम्ही युनियनचं ऐकतो. आता पुन्हा असला मेस्त्री तुमच्या डोक्यावर बसू नये म्हणून तुम्हाला सरळ नव्या कंपनीत घेतोय. इथं सही करा, तिथली ऑर्डर लगेच निघेल. कागद इंग्रजीत. पहिली सही अक्काची. थोरली ती. तिनं केली म्हणून बाकीच्यांनी केली.

मला हे सगळं तिनंच सांगितलं, शिफ्ट सुटल्यावर गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर. हसत आली होती.

‘‘सुटलाव बाई त्या मेस्त्रीच्या तावडीतनं. तुमच्या म्हाताऱ्याला सांग, लई भारी लिहितो.’’

‘‘सही केलीस?’’

‘‘केली की.’’

‘‘राजीनामा होता तो, अक्का.’’

तिनं चहाचा ग्लास खाली ठेवला. ‘‘कोणाचा?’’

मी सांगितलं. ह्या वेळी कानावर हात ठेवले नाहीत तिनं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘म्हंजी मी पर्मनंट न्हाई आता?’’ मी म्हटलं, राजीनामा मंजूर व्हायच्या आत परत घेता येतो, आजच अर्ज देऊ. गेट बंद झालं होतं. वॉचमन म्हणाला, उद्या.

तेव्हा बोम्मसंद्र्यापर्यंत मेट्रो झाली नव्हती. बसनं सिल्क बोर्डाच्या चौकातली कोंडी पार करून मी मल्लेश्वरमला पोचले, तेव्हा सर व्हरांड्यात फेऱ्या मारत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. मेस्त्री, झाकणं, एचआर, सह्या. ते ऐकत होते, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

‘‘मेस्त्रीवरच संशय गेला त्यांचा?’’ त्यांनी विचारलं.

‘‘हो.’’

‘‘सगळ्यांचा?’’

‘‘सगळ्यांचा.’’

‘‘मालकाची शंका एकीलाही आली नाही?’’

आणि त्यांचा चेहरा फुलला. क्षणभरच. लगेच त्यांनी तो आवरला, ‘अरेरे’ म्हणाले, खुर्चीत बसले, कपाळावर हात लावला. पण मी पाहिलं होतं. परीक्षेत पहिला आलेल्या पोराचा असतो तसा चेहरा. लोक मला विचारतात, एवढा राग का? चूक झाली, वय झालंय. चुकीचा राग नाही मला. चुका आमच्याही होतात. त्या चेहऱ्याचा आहे.

मी म्हटलं, ‘‘उद्या सकाळी गेटवर यायचं. मुली माझं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील. उत्तर तुम्ही सांगायचं.’’

‘‘भाग दुसरा जवळजवळ झालाच आहे,’’ ते म्हणाले.

‘‘भाग दुसरा गेला खड्ड्यात, सर.’’

आले. आले ते आले, त्याचं श्रेय द्यायला माझी हरकत नाही, पण ते फार मोठं नाही. अण्णांच्या गाडीतून, शाल पांघरून, सकाळच्या शिफ्टला. आम्ही टपरीवरचं स्टूल आणलं. सर त्यावर चढले, अण्णांनी खालून आधार दिला. मुली जमल्या. ‘हेच का ते लिहिणारे?’ कुजबुज झाली. सरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, थांबले, घसा साफ केला. दिवाणखाना भरला होता.

‘‘सोमवारची सकाळ,’’ सर म्हणाले. ‘‘पॅकिंग सेक्शनचं दार उघडलं...’’

‘‘सर, शेवट!’’ मी ओरडले.

‘‘येतो, येतो. आपण त्या रविवारी कोण कुठं होतं ते पाहू...’’

आतून भोंगा झाला. मुली गेटकडे वळायला लागल्या. मी पुन्हा ओरडणार, तेवढ्यात अक्का पुढं झाली, अगदी स्टुलाच्या पायाशी. मान वर करून म्हणाली, ‘‘अज्जा, कोण हाय ते सांगा. आमाला आत जायचंय.’’

‘‘मालक,’’ सर म्हणाले. एवढंच. फुग्यातली हवा सुटावी तसा आवाज आला त्यांचा. ‘‘मालकानं नेलं. तो कागद म्हणजे राजीनामा आहे. सही करू नका. केली असेल तर परत घ्या.’’

‘‘मग हे आदी सांगायला काय झालं हुतं?’’

स्टुलावरून उतरताना सरांचा तोल गेला, तेव्हा धरलं ते अक्कानंच. आणि त्याच वेळी ते तिला म्हणाले, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय: ‘‘तुमचं काही कमीजास्त झालं तर मी आहे. माझ्या ओळखीची संस्था आहे इथं, कॅन्टीनमध्ये तुम्हाला पक्कं काम लावून देतो.’’

त्या सकाळी सगळ्यांनी राजीनामे परत घेतल्याचे अर्ज दिले. मॅनेजमेंटनं महिनाभर ताणलं, युनियनच्या वकीलबाईंनी लेबर ऑफिसात दोनदा भांडण केलं, आणि शेवटी एकेक करून सगळ्या परत पॅकिंगला लागल्या. अक्का सोडून. तिचा राजीनामा गुरुवारी संध्याकाळीच मंजूर करून ठेवला होता. पुढारी कोण हे कारखान्याला बरोब्बर ठाऊक असतं. अर्थशास्त्र न वाचता. तिची केस अजून चालू आहे. केस चालू असणं म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे.

अक्कानं हॉस्टेल सोडलं, बोम्मसंद्र्याबाहेर एक खोली घेतली, हॉस्टेलातल्या मुलींना पैशांवर ज्वारीच्या भाकरी करून द्यायला लागली. गावी मुलीला सांगितलं नाही. अजून ती फोनवर पर्मनंटच आहे.

संस्थेच्या कॅन्टीनबद्दल मी सरांना दोनदा आठवण केली. ‘‘हो हो, बोलतो,’’ म्हणाले. अण्णा म्हणाले, सरांच्या मागं असल्या गोष्टी लावू नयेत, ते फार खचलेत त्या प्रसंगानं. खचलेत! रविवारची कॉफी चालू होती. एका रविवारी तर हाच प्रसंग ते त्या आयटीवाल्यांना सांगत होते, आणि सांगत होते छान. झाकणांची पिशवी ओततात तिथं सगळे हसले.

मग पावसाळा उलटून गेल्यावर सरांचा मला फोन. त्या बाईंना घेऊन ये. महत्त्वाचं काम आहे.

मी अक्काला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘क्यांटीनचं असंल.’’ तिनं चांगलं लुगडं नेसलं, बरोबर चार भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. मोकळ्या हातानं कसं जायचं म्हणाली. दोन बस बदलून गेलो.

सर खूश होते. तिला खुर्ची दिली, स्वतः कॉफी आणून दिली. मग समोर बसले, मांडीवर कोरे कागद.

‘‘तुमच्यावर लिहितोय,’’ ते म्हणाले. ‘‘कादंबरी. ह्या वेळी वेगळी. ह्या वेळी मी व्यवस्थेलाच गुन्हेगार करणार आहे. हे कोणी केलेलं नाही अजून.’’ माझ्याकडे बघून, ‘‘तुझं म्हणणं होतं ना? अण्णा सांगत होते.’’

अक्कानं विचारलं, ‘‘आन् ते क्यांटीनचं?’’

‘‘कुठलं?’’

‘‘तुमी म्हणला हुता. गेटवर.’’

‘‘हां, हां. ते बघू. संस्थेत हल्ली सगळं कंत्राटदाराकडे दिलंय, माझं कोणी ऐकत नाही.’’ आणि पुढं सरकून, ‘‘मला आधी हे सांगा. तुम्ही सही करायला पेन हातात घेतलंत. समोर तो कागद. त्या क्षणी मनात काय होतं? अगदी नेमकं. मेस्त्री? की कुठंतरी आत, थोडीशी, मालकाची शंका? तिथं माझं सगळं अडलंय.’’

अक्कानं कॉफी संपवली. कप खाली ठेवला.

‘‘सांगते की,’’ ती म्हणाली. ‘‘पेन घेतलं हातात. बाई समोर बसलेली. पंखा चालू. मी कागदाकडं बगितलं...’’

सर लिहायला लागले.

‘‘...आन् माझ्या मनात आलं...’’

ती उठली. पदर सारखा केला. भाकरीची पुरचुंडी आणलेली होती ती टेबलावरून उचलून परत पिशवीत टाकली.

‘‘बाकीचं शनिवारी,’’ ती म्हणाली, आणि चपला घालून फाटकाबाहेर गेली.

सरांचं पेन वरच होतं. त्यांना वाटलं ती खरंच येणार आहे. दर शनिवारी त्यांचा मला फोन येतो.